नव्याण्णवांपाशी कोण होतं?

1901 सालचा हिवाळा होता. मोठा दुष्काळ ओसरून फार दिवस झाले नव्हते. नगर जिल्ह्यातल्या गावांत पडकी घरं अजून तशीच उभी होती आणि पुष्कळ गोठ्यांत दावी रिकामी लोंबत होती.

नगर हे त्या काळी अमेरिकन मराठी मिशनचं मोठं ठाणं. 1831 पासून मिशनरी तिथे राहत आले होते. पाऊस सरला आणि बाजरी खळ्यावर आली, की मिशनची माणसं दौऱ्यावर निघत. बैलगाडीत तंबू, भांडी, औषधाची पेटी आणि पुस्तकांचा खोका असे. गावाबाहेरच्या आमराईत तंबू पडे आणि तिथून माणसं आसपासच्या वाड्यांवर जात. संध्याकाळी कीर्तन होई. कृष्णराव सांगळ्यांच्या वेळेपासून नगरकडच्या ख्रिस्ती मंडळींनी कीर्तन आपलंसं केलं होतं, आणि आता नारायण वामन टिळकांची पदंही लोकांच्या तोंडी बसू लागली होती. लोक साहेबाला बघायला येत आणि पदं ऐकायला थांबत.

अशाच एका दौऱ्यावर एक तरुण उपदेशक होता. आजा महार, बाप ख्रिस्ती झालेला. मुलगा नगरच्या सेमिनरीत शिकून नुकताच बाहेर पडला होता. आवाज गोड, पाठांतर पक्कं. येशूचे दाखले त्याला तोंडपाठ होते. कुणी काय विचारलं तर काय उत्तर द्यायचं, तेही त्याने एका वहीत लिहून ठेवलं होतं.

दौऱ्याची वही वेगळी असे. तीत गावाचं नाव, ऐकणारे किती आणि पुस्तकं किती खपली, एवढं रोज मांडायचं. शुभवर्तमानाची सुटी पुस्तकं पैशाला एक अशी विकत. फुकट दिलेलं पुस्तक चुलीत जातं आणि विकत घेतलेलं कोनाड्यात जातं, असा जुन्या माणसांचा अनुभव होता. तरुणाची पानं भरलेली असत. साहेबांनी एकदा त्याची वही सगळ्यांना दाखवलीही होती.

एके दिवशी त्याला पठारापलीकडच्या एका वाडीवर धाडलं. तो पोचला तेव्हा वाडी ओस होती. माणसं खळ्यांवर गेली होती. एक म्हातारी दारात बसून गोधडी शिवत होती. तिला ऐकू येत नव्हतं. दुपारभर थांबून तो परत फिरला आणि उतरत्या उन्हात वाट चुकला.

अंधार पडला. अमावास्या जवळ आलेली. त्याच्याजवळ कंदील होता, तो त्याने लावला. कंदिलाच्या उजेडात पावलापुरतं दिसत होतं, वाट दिसत नव्हती. तेवढ्यात कुत्री भुंकली. मग मेंढरांचा वास आला आणि एका उताराखाली तीन दगडांची चूल पेटलेली दिसली.

धनगरांचा वाडा उतरला होता. दिवाळी झाली की हे लोक मेंढरं घेऊन घाट उतरतात आणि कोकणात जातात, ते पावसाच्या तोंडाशी परत येतात. तट्टांवर बिऱ्हाड, पाटीत कोंबड्या, पाठीशी पोरं. रात्री एखाद्याच्या शेतात मेंढरं बसवायची. शेताला खत मिळतं, धनगराला धान्य मिळतं.

एका म्हाताऱ्याने कुत्र्यांना हाकललं आणि काठी टेकत तो पुढे आला.

"कोन हाय?"

"वाट चुकलो बाबा. मिशनचा मास्तर आहे."

"जात?"

"ख्रिस्ती."

"ती आताची. म्होरची कंची?"

तरुणाने सांगितलं. म्हातारा थोडा वेळ गप्प राहिला.

"दुष्काळात बाटला व्हय?"

"नाही. माझा बाप झाला होता, त्याच्याही आधी."

"बरं. बस तिथं. रातीचं कुठं जातूस? लांडगं हाईत."

तो चुलीपासून थोडा दूर, एका दगडावर बसला. म्हाताऱ्याच्या सुनेने भाकरी आणि ठेचा आणला. भाकरी तिने त्याच्या पसरलेल्या उपरण्यात वरून टाकली, आणि पाणी त्याच्या ओंजळीत वरून ओतलं. त्याला हे नवं नव्हतं. त्याने डोळे मिटून प्रार्थना केली आणि तो जेवला. म्हातारा हे बघत होता.

"काय म्हनलास रं डोळं झाकून?"

तरुणाला हेच हवं होतं. समोर मेंढरं होती, मेंढपाळ होता. असा दाखला सांगायला याहून चांगली जागा कुठली मिळणार? त्याने घसा साफ केला आणि गोष्ट सुरू केली. एका माणसाची शंभर मेंढरं होती. त्यांतलं एक हरवलं. तेव्हा तो नव्याण्णव रानात सोडून त्या एकाच्या शोधात निघाला...

"थांब," म्हातारा म्हणाला. "नव्यान्नव म्हंजी एक कमी पाच इसा?"

"हो."

"ती रानात सोडली?"

"हो."

"मग त्येंच्यापाशी कोन हुतं?"

तरुण थांबला. सेमिनरीत हे कुणी विचारलं नव्हतं. वहीत याचं उत्तर नव्हतं.

"कुणी नसेल," तो म्हणाला. "त्या एकावर त्याची फार माया होती, असा अर्थ."

म्हातारा हसला. "माया असू दे. रातीत एक आनाया जाशील आन् सकाळी पंधरा मेलेली बघशील. तुज्या गोष्टीतला मेंढका काय येडा हुता? त्येची बाय असंल, भाऊ असंल, कुत्रं तरी असंल. मेंढका कदी एकला नसतोय."

तरुणाला राग आला नाही, पण तो गोंधळला. गोष्ट तिथेच राहिली, कारण तेवढ्यात एक कोकरू ओरडू लागलं.

संध्याकाळी मेंढ्या चरून आल्या की कोकरं त्यांच्याखाली सोडतात. शंभर कोकरं एकदम ओरडतात आणि शंभर आया एकदम साद देतात. त्या गलक्यात प्रत्येकाला आपली आई मिळते आणि घटकाभरात सगळं शांत होतं. आज शांत झाल्यावरही हे एक कोकरू या मेंढीकडून त्या मेंढीकडे जात होतं. जिच्या खाली जाई ती त्याला ढुसणी देऊन बाजूला करी.

सुनेने त्याला उचललं. त्याच्या कानाकडे बघितलं. "चांदीचं हाय. चांदी आली न्हाई."

म्हातारा उठला. त्याने घोंगडी खांद्यावर टाकली. मुलगा तट्टं घेऊन पुढच्या मुक्कामाला गेला होता आणि उरले होते ते हेच दोघे. सुनेने गोफण घेतली, कुत्र्यांना हाक मारली आणि ती मेंढरांभोवतीच्या वाघरीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. कुणी तिला काही सांगितलं नाही.

"मास्तर, कंदील धर," म्हातारा म्हणाला. "आन् चल."

दोघे निघाले. म्हातारा चार पावलं अंतर ठेवून चालत होता. कोकरू त्याच्या काखेत होतं. उपदेशकाला वाटलं, आता हा हाका मारील. पण म्हाताऱ्याने तोंड उघडलं नाही.

"हाका का मारत नाही बाबा?"

"कुनाला? हरवल्यालं मेंढरू वरडत न्हाई. भ्यालेलं आसतं. वरडलं की लांडग्याला कळतंय, त्येला ठावं आसतं. मी हाका मारल्या तरी गप बसंल."

"मग ते सापडायचं कसं?"

म्हाताऱ्याने कोकराचा कान हलकेच चिमटला. कोकरू ओरडलं. दोघे थांबून ऐकत राहिले. काही नाही. पुढे गेले. पुन्हा चिमटा, पुन्हा ओरडणं, पुन्हा थांबणं. ओढ्याच्या काठाने, खडकांच्या कडेने, असे ते बराच वेळ चालले. कोकराचा आवाज बसत चालला. आणि मग एका घळीतून, अगदी खालून, एक घोगरा आवाज आला. एकदाच.

"माझ्या हाकंला आली नसती," म्हातारा म्हणाला. "पिल्लाला न्हाई म्हनवंना तिला."

बोरीच्या जाळीत ती अडकली होती. काळी लोकर काट्यांत गुंतली होती. सुटायला बघितलं होतं तेवढी ती जास्तच गुंतत गेली होती आणि आता ती पाय दुमडून खाली बसली होती, उठायचंच सोडून दिल्यासारखी. म्हाताऱ्याने विळ्याने लोकर कापली. मेंढी मोकळी झाली, तरी उठेना. त्याने कोकरू तिच्यापुढे धरलं. तिने ते हुंगलं आणि बसूनच राहिली.

"आता ही चालत न्हाई," म्हातारा म्हणाला. "न्यावी लागतीया." तो वाकला, आणि गुडघा धरून तसाच खाली बसला. चढ बघून त्याने मान हलवली. "उचल, मास्तर."

तरुण जागचा हलला नाही. आपण शिवलेलं मेंढरू यांना चालेल का, हे त्याला कळत नव्हतं. म्हाताऱ्याला ते कळलं.

"उचल की. मेंढराला इटाळ नसतोय."

तरुणाने मेंढी खांद्यावर घेतली. पुढचे दोन पाय एका हातात, मागचे दोन दुसऱ्या हातात. ती चांगली जड होती. लोकरीला चिखल होता, लेंड्या होत्या, आणि तिचा गरम श्वास त्याच्या कानाशी लागत होता. घळ चढताना त्याची मान भरून आली. अर्ध्यावर त्याला धाप लागली, तेव्हा म्हाताऱ्याने मेंढी त्याच्या खांद्यावरून आपल्या खांद्यावर घेतली, थोडा चालला आणि पुन्हा त्याच्या खांद्यावर दिली. असं दोनतीनदा झालं. मधेच म्हातारा हसू लागला.

"का हसता बाबा?"

"तुज्या सदऱ्यावर मुतली ती."

तरुणही हसला. तो दाखला त्याने कितीतरी गावांत सांगितला होता. मेंढपाळ मेंढरू आनंदाने खांद्यावर घेतो, हे शब्द त्याने शेकडो लोकांपुढे उच्चारले होते. मेंढरू खांद्यावर घेतल्यावर सदऱ्याचं काय होतं, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं.

वाड्यावर पोचले तेव्हा सून तिथेच उभी होती, गोफणीत दगड तसाच. एकदा लांडगा येऊन फिरून गेला होता, असं तिने सांगितलं. एवढंच सांगितलं. मग तिने चूल फुंकली.

"तर मग म्होरं काय झालं?" म्हाताऱ्याने विचारलं. "तुज्या गोष्टीत?"

तरुणाने सांगितलं, की मेंढपाळ घरी आला, त्याने शेजाऱ्यांना बोलावलं आणि म्हणाला, माझ्याबरोबर आनंद करा. हरवलेलं मेंढरू सापडलं. स्वर्गातही असंच होतं. तिथे एक चुकलेला माणूस परत आला की असाच आनंद होतो. तो मेंढपाळ म्हणजे प्रभू येशू.

"जेवन घातलं शेजाऱ्यास्नी?"

"घातलं असेल."

"मग येक मेंढरूच कापलं असंल की!" म्हातारा म्हणाला आणि खो खो हसला. हसून झाल्यावर तो बराच वेळ विस्तवाकडे बघत होता. "गोष्ट बरी हाय," तो म्हणाला. "सांगनारानं मेंढरं राखली नव्हती, पन गोष्ट बरी हाय."

तरुणाने तहान लागली म्हणून पाणी मागितलं. सुनेने ते ओंजळीत वरूनच ओतलं, आधीसारखं. कुणाला वाटेल, की एवढं सगळं झाल्यावर तिने तांब्या हातात दिला असेल. तसं घडलं नाही, आणि जे घडलं नाही ते गोष्टीत घालू नये.

सकाळी त्याने पिशवीतून लूकच्या शुभवर्तमानाचं पुस्तक काढलं. पैसा नको म्हणाला. म्हाताऱ्याने ते हातात घेतलं नाही.

"वाचनार कोन? ऱ्हाऊ दे. गोष्ट घेतली तेवढी."

वाडा हलला. तरुण तंबूवर परत आला. त्याने वही उघडली. गाव, असं लिहिलेल्या रकान्यापुढे काय लिहावं ते त्याला सुचलं नाही. पुस्तकं खपली नव्हती. ऐकणारे दोन, असं त्याने आधी लिहिलं, मग खोडलं. ते पान तसंच राहिलं. साहेबांनी विचारलं तेव्हा त्याने वाट चुकल्याचं सांगितलं. साहेबांनी त्याच्या सदऱ्याकडे बघितलं आणि आणखी काही विचारलं नाही.

उन्हाळ्यात त्याला त्याच पठारावरच्या एका गावी मिशनच्या शाळेवर नेमलं. ज्येष्ठ लागला. पश्चिमेकडे ढग दिसू लागले आणि कोकणातून धनगर परत येऊ लागले. रोज शाळा सुटली की तो वाटेवर जाऊन उभा राही. एके दिवशी त्याला ती सून दिसली. डोक्यावर पाटी, पाटीत कोंबड्या. तिने त्याला ओळखलं.

"मास्तर! चांदी व्याली पुन्ना."

"बाबा कुठे आहेत?"

"मामंजी म्होरं गेलं तट्टावर बसून. गुडघं गेलं त्येंचं. पन तोंड न्हाई गेलं. सारं कोकन तुमची गोष्ट ऐकून ऐकून दमलं."

"कुठली गोष्ट?"

तिने पाटी खाली ठेवली आणि वाटेतच उभ्या उभ्या गोष्ट सांगितली. एका मेंढक्याची पाच इसा मेंढरं होती. एक हरवलं. मेंढका कंदील घेऊन निघाला. काखेत कोकरू होतं. नव्याण्णवांपाशी त्याची सून गोफण घेऊन उभी होती. मेंढरू जाळीत गप बसलं होतं, ते कोकराच्या हाकेला बोललं. मेंढक्याने ते खांद्यावर आणलं आणि साऱ्या वाड्याला जेवायला घातलं.

तरुण ऐकत होता. मग त्याने जरा भीतभीतच विचारलं, "आणि तो मेंढका कोण, म्हणतात बाबा?"

"द्येव. दुसरं कोन आसनार? काई जन म्हनत्यात, मेंढका म्हंजी आमचा बिरोबाच. तर मामंजी म्हनत्यात, न्हाई. ही त्या मास्तरच्या द्येवाची गोष्ट हाय, येसूची. आपन उसनी आनलीया, उसन्याला आपली म्हनू नगा."

त्या तरुणाच्या ओठांवर दुरुस्ती तयार होती. कंदील पुस्तकात नाही. कोकरू नाही. सून तर नाहीच. पण त्याने ती दुरुस्ती केली नाही. ती गोष्ट घाटाखाली गेली होती. तिथे एकही मिशनरी त्या वाड्यांवर पोचला नव्हता. ती ज्याच्या तोंडून गेली त्याने तिच्यातला मालक बदलला नव्हता. अनोळखी माणसाला आपला विश्वास सांगायचा, तर तो त्याच्या हाती सोडावा लागतो. त्याने तो उलटसुलट करून बघितला पाहिजे, त्याला प्रश्न विचारला पाहिजे, त्यात आपल्या रानातले काटे घातले पाहिजेत. तरुणाला सेमिनरीत सांगायचं कसं ते शिकवलं होतं. दिल्यावर हात मागे कसा घ्यायचा, ते तो त्या घळीत शिकू लागला होता आणि आज या वाटेवर त्याचा पुढचा धडा चालू होता.

"एक इचारू?" ती म्हणाली. "खऱ्या पुस्तकात बाय हाय का न्हाई? का आमीच घातली?"

त्याला एकदम आठवलं. त्याने पिशवीतून पुस्तक काढलं. हरवलेल्या मेंढराचा दाखला जिथे संपतो, तिथेच, त्याच पानावर, दुसरा सुरू होतो. तो त्याने तिला आपल्या शब्दांत सांगितला. एका बाईजवळ दहा नाणी होती. एक हरवलं. तिने दिवा लावला, घर झाडलं, कोपरान् कोपरा शोधला. सापडल्यावर तिने मैत्रिणींना आणि शेजारणींना बोलावलं.

"रातीला दिवा लावला?"

"हो."

"तेल जाळलं? सकाळी झाडलं असतं तर सापडलं नसतं व्हय?"

तरुण हसला. या वेळी तो उत्तर शोधत बसला नाही. "तुम्ही काय केलं असतं?" त्याने विचारलं.

"मी केलंच की," ती म्हणाली आणि वाटेच्या कडेला बसली. "कोकनात माझं जोडवं पडलं वाड्यात. आमाला कुठलं आलंय घर झाडाया? सारी लेंड्यांची भुई. रातीला झोप लागंना. उठले, चुलीतली लाकडं पेटवली, चाळन घेतली आन् लेंड्या चाळत बसले. धनी म्हनतोय, येडी झालीस, पहाटं बघ. पन पहाटं वाडा हलनार. मेंढरं उठली की कुठल्या खुरात जाईल त्येचा काय नेम?"

"मग? सापडलं?"

तिने पाय पुढे करून दाखवला. "शेजारनींस्नी गूळ वाटला. जोडव्याच्या मोलापरीस गूळच जास्त झाला बघा," ती म्हणाली, पाटी डोक्यावर घेतली आणि हसत हसत आपल्या मेंढरांमागे निघाली.